फरक शून्य

मंगळवार, २ फेब्रुवारी २०४४. सकाळी दहा वाजून एकतीस मिनिटांनी मिरजेत, ब्राह्मणपुरीतल्या एका घराच्या पुढच्या खोलीत, जुन्या टीव्हीच्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ उमटली. तपासणी पूर्ण, फरक 0.

त्या क्षणी अलका तारळेकरांची किल्ली पुसली गेलेली होती. घरातल्या तिघांपैकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

कीबोर्डपाशी त्यांची मुलगी मृण्मयी बसली होती. तिनं ओळ मोठ्यानं वाचून दाखवली.

‘‘शून्य?’’ आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं.

‘‘शून्य.’’

‘‘शाब्बास! मराठीत सांगितलं तरी कळतं म्हणायचं तुला. चल, आता आईला सोडव लवकर.’’

शिरीष तारळेकरांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन रविवारी झालं होतं. त्या डोळ्यावर पट्टी होती आणि डाव्यानं त्यांना माणसाचा नुसता आकार दिसे. म्हणून ते पलंगाच्या कडेवर बसून दाराआडून हुकूम सोडत होते. पलंगावर अलकाताई कुशीवर झोपल्या होत्या. दहा वाजून पाच मिनिटांपासून टॉवेलचं टोक त्यांच्या दातांत होतं.

अलकाताई तेहतीस वर्षं स्टाफ नर्स होत्या. निवृत्तीला थोडे महिने राहिले असताना एका जाडजूड रुग्णाला कुशीवर वळवताना त्यांच्या पाठीत लचक भरली. मणक्यांमधली चकती सरकली होती. दोन शस्त्रक्रिया झाल्या, गुण आला नाही. कमरेतून निघून दोन्ही पायांत उतरणारी कळ कुठल्याच गोळीला जुमानेना. सहा वर्षांनी त्यांच्या मज्जारज्जूला लागून शामक बसवला. तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र, त्याला केसाहून बारीक चाळीस तारा. वेदनेचा निरोप मेंदूकडे निघाला की शामक त्याच्या बरोबर उलटा निरोप सोडतो आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. त्या दिवशी अलकाताई सहा वर्षांत पहिल्यांदा मांडी घालून जेवायला बसल्या, आणि जेवण झाल्यावरही उठेनात.

शामकाला बाहेरून हुकूम देता येतो. धोका तिथंच होता. २०३९ च्या सप्टेंबरात एका रात्री कुणीतरी देशभरातले अकरा हजार शामक बंद पाडले. कोणी, ते आजवर कळलेलं नाही. त्यानंतर कायदा आला. शामकाची किल्ली कंपनीकडे राहणार नाही, इस्पितळाकडे राहणार नाही, जाळ्याला जोडलेल्या कुठल्याही यंत्रावर राहणार नाही.

ही किल्ली म्हणजे एक वही. तिच्या दर पानावर सोळा आकडे, फासे टाकून काढावेत तसे, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसलेले. वहीची एक प्रत शामकाच्या आत, दुसरी बाहेर. एका हुकमाला एक पान लागतं. पान जुळलं तर शामक हुकूम मानतो आणि दोन्हीकडचं ते पान कायमचं पुसलं जातं. ज्या कुलपाला तर्क असतो ते हुशार यंत्र आज ना उद्या फोडतं. या आकड्यांना तर्कच नाही, त्यामुळे फोडायला काही उरत नाही. प्रश्न एवढाच राहिला, की वही ठेवायची कशावर? गेल्या तीस वर्षांतल्या कुठल्याही चिपमध्ये दुसऱ्या कुणाचा प्रोग्राम बसलेला नाही, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस सापडेना.

म्हणून लोक मागं गेले, थेट १९८५ च्या आसपास. तेव्हाचे घरगुती कॉम्प्युटर, टीव्हीला जोडायचे, चौसष्ट हजार अक्षरांची स्मृती. त्यांचा आतला सगळा प्रोग्राम दोनशे पानांच्या पुस्तकात मावतो आणि एक माणूस तो ओळ न ओळ वाचू शकतो. चोराला लपायला त्यात कोनाडा नाही. अशी यंत्रं सांभाळणाऱ्या ठिकाणांना लोक किल्लीघर म्हणू लागले. तारळेकर सरांना चौदाव्या वर्षी मस्कतच्या मामानं असलाच कॉम्प्युटर आणून दिला होता. मराठी शाळेत तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी किल्लीघराचा परवाना घेतला. त्यांच्या लोखंडी कपाटात एक्केचाळीस माणसांच्या किल्ल्या होत्या. त्यांतली एक बायकोची.

फ्लॉपीला बुरशी धरते. म्हणून दर दोन वर्षांनी किल्ली कोऱ्या फ्लॉपीवर उतरवायची आणि जुनी कापून टाकायची. फ्लॉपीच्या कडेला एक खाच असते. तिच्यावर चिकटपट्टी लावली की त्या फ्लॉपीवर काही लिहिता येत नाही, चुकूनसुद्धा. पण किल्लीच्या फ्लॉपीला ती पट्टी लावता येत नाही, कारण वापरलेलं पान पुसावं लागतं. उतरवण्याचं काम चालू असताना शामकाला थांबवून ठेवतात. मधेच त्यानं पान मागितलं तर घोटाळा होईल. तेवढा अर्धा तास कळ परत येते. अलकाताई त्याला बोर्डाची परीक्षा म्हणत.

मृण्मयीनं ‘चालू’ हा हुकूम दिला. पान पडद्यावर दाखवायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे शामकाकडे काय गेलं ते तिला दिसलं नाही. दहा सेकंदांनी उत्तर आलं. नाकारलं. तीनपैकी एक प्रयत्न संपला.

‘‘काय गं?’’

‘‘नाही म्हणतंय.’’

‘‘नाही म्हणायला ते काय लग्नाचं स्थळ आहे? फ्लॉपीची यादी बघ.’’

तिनं नव्या फ्लॉपीची यादी मागवली. फ्लॉपी कोरी होती. मग तिनं जुनीची मागवली. तीही कोरी होती.

टेबलावर दोन ड्राइव्ह एकावर एक ठेवलेले होते. अशा कॉम्प्युटरला ड्राइव्हशी बोलायचं तर आधी त्याच्या क्रमांकानं ओळ उघडावी लागते. पहिल्या ड्राइव्हचा क्रमांक आठ, दुसऱ्याचा नऊ, ही कारखान्यातली रीत. बाबा तो मंत्र परवचा म्हणावा तसा म्हणत : ओपन पंधरा, आठ, पंधरा. ओळ उघडून हुकूम दिला की पुढचं काम दोन ड्राइव्ह आपसांत करतात. आठ वाचतो, नऊ लिहितो. वर कोण, खाली कोण, याचं त्यांना काही नसतं.

वरच्या ड्राइव्हवर बाबांनी आईच्या लाल नेलपॉलिशनं आकडा काढला होता. १. पहिला ड्राइव्ह, म्हणजे आठ क्रमांकाचा. खालच्यावर २ होता, पण तो ड्राइव्ह ऑक्टोबरात बंद पडला. कोइमतूरहून दुसरा आला, तोवर बाबांचे डोळे गेले होते आणि त्याच्यावर आकडा काढायचा राहिला.

मृण्मयीनं तो १ इंग्रजी 9 वाचला होता.

ती इंग्रजी शाळेत शिकलेली. वरचा नऊ, तर उरलेला खालचा आठ. यंत्राला खरोखरच एक आठ आणि एक नऊ होता, त्यामुळे शंका यायला जागा नव्हती. तिनं किल्ली खाली घातली, कोरी फ्लॉपी वर. आठानं कोरी वाचली आणि नवानं ती किल्लीवर लिहिली. मग तपासणीत कोऱ्याला कोरं जुळलं. फरक शून्य. शून्य तेवढं दोन्ही लिप्यांत सारखंच काढतात.

बाबांनी विचारलंही होतं. तिला आता ते शब्द न् शब्द आठवले.

‘‘मूळ कुठं घातलीस?’’

‘‘आठात.’’

‘‘कोरी?’’

‘‘नवात.’’

‘‘मग हाण.’’

‘‘मृणू!’’ आतून हाक आली. ‘‘झोपलीस काय?’’

दोन वर्षांपूर्वी पुण्यातली नोकरी गेली तेव्हा ती मिरजेला परतली होती. पहिल्याच आठवड्यात सांगलीचे एक गृहस्थ आपली किल्ली ठेवायला आले. बाबांनी त्यांच्यासमोर सांगितलं, ‘‘मृणू, एकोणऐंशी नंबरचा खण उघड बघू.’’ तिनं एकोणसत्तर उघडला. गृहस्थ हसले. बाबा त्यांच्याहून जास्त हसले. ‘‘चाळीशीला आली पोरगी, पण उजळणीत नापास!’’ त्याच दिवशी खणांवरचे इंग्रजी आकडे बाबांनी खरवडून काढले आणि मराठी घातले. या घरात आकडे मराठीतच, म्हणाले. इंग्रजी शाळेत तिला त्यांनीच घातलं होतं.

‘‘खालचा ड्राइव्ह नीट वाचत नाहीये,’’ ती म्हणाली.

‘‘वाटलंच होतं मला! भंगार गळ्यात मारलं त्या कोइमतूरवाल्यानं. नवी फ्लॉपी वरच्यात घाल आणि परत पाठव.’’

‘‘तीनच प्रयत्न असतात ना, बाबा?’’

‘‘मला शिकवतेस? पाठव आधी. इथं आईचं काय चाललंय, ऐकू येतंय ना?’’

ऐकू येत होतं. मृण्मयीनं वरच्याच ड्राइव्हमधली कोरी फ्लॉपी काढून परत घातली, दांडी खाली केली आणि रिटर्न दाबलं. पहिला प्रयत्न चुकून झाला होता. दुसरा तिनं कळून केला.

नाकारलं. तीनपैकी दोन.

‘‘अजून एकदा!’’ बाबा ओरडले. यावेळी तिनं कॉम्प्युटरचा प्लगच काढला.

डॉक्टर सलमा नदाफ दुपारी बारा वाजता आल्या. अलकाताईंच्या हाताखाली त्यांनी इंटर्नशिप केली होती, अजूनही त्यांना सिस्टर म्हणत. इंजेक्शन दिलं. त्यानं चाळीस मिनिटं डोळा लागला.

‘‘दिवसातून तीनदा देता येईल,’’ त्यांनी बाहेर येऊन सांगितलं. ‘‘चौथं दिलं तर श्वास थांबेल. तारा मज्जारज्जूत रुजल्यात, यंत्र काढायला गेलो तर दोन्ही पाय जातील, आणि कळ जाईलच असं नाही. थांबवलेला शामक चोवीस दिवस वाट बघतो, सर. सव्वीस तारीख, सकाळी दहा पाच. तोवर बरोबर पान मिळालं नाही तर किल्ली चोरीला गेली असं धरून तो स्वतःला कायमचं बंद करतो. तिसरा प्रयत्न चुकला तरी तेच.’’

‘‘म्हणजे ही कळ...’’

‘‘राहील, सर.’’

बंगळूरला अशा कामाची एक प्रयोगशाळा आहे. बाबांनी सांगितला तसा अर्ज मृण्मयीनं भरला. कारण : ड्राइव्हमधील बिघाड. गुरुवारी फ्लॉपी घेऊन माणूस गेला.

तिथली पद्धत पाच-सहा वर्षांपूर्वीची आहे. जुना ड्राइव्ह फ्लॉपीवर लिहितो तो रुंद पट्टा असतो. पुढं त्याच जागी दुसऱ्या ड्राइव्हनं लिहिलं तर नवा पट्टा जुन्यावर तंतोतंत बसत नाही, कडेला जुन्याची बारीक किनार उरते. भिंतीला नवा रंग दिला तरी बटणाच्या पाटीमागं जुना दिसतो, तशी. हिऱ्याच्या कणापासून बनवलेली एक सुई ती किनार चाचपते. पण किनारीवरही नव्या लिखाणाची सावली असते. वर काय लिहिलं गेलं हे नेमकं माहीत असेल तर ती सावली वजा करता येते. चुकीचं गृहीत धरलं तर वजाबाकीत जुनंही जातं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. एका फेरीला नऊ ते बारा दिवस लागतात.

बिघाड धरून केलेली पहिली फेरी तेरा तारखेला संपली. हाती काही आलं नाही.

अकराव्या दिवशी, त्याच तारखेला सकाळी, नदाफ इंजेक्शन भरत असताना मृण्मयी आईचा हात धरून बसली होती. अलकाताईंनी मान वळवली आणि तिच्या मनगटाला चावा घेतला. पुरा, दात रुतेपर्यंत. या बाईनं जन्मात कुणावर आवाज चढवला नव्हता.

‘‘बरं वाटलं,’’ त्या म्हणाल्या.

थोड्या वेळानं औषध चढलं तसा त्यांचा आवाज सैल झाला. ‘‘हजारो लोकांना विचारलं असेल मी, दहापैकी किती दुखतंय. नऊ म्हणाले की मनात म्हणायचे, नाटकं करतोय मेला. सगळ्यांची माफी मागायला हवी, सलमा. पत्ते कुठून आणू?’’

मृण्मयी गच्चीवर गेली आणि तिनं बंगळूरला फोन लावला. वर काय लिहिलं गेलं, कुठल्या ड्राइव्हनं, का, सगळं सांगितलं.

‘‘हे अर्जात का नव्हतं?’’ पलीकडच्या बाईनं विचारलं.

‘‘अर्ज वडिलांनी सांगितला.’’

‘‘लिहिला कुणी?’’

‘‘जुन्या किनारीचं काय होईल?’’ मृण्मयीनं विचारलं.

‘‘ड्राइव्ह बदललेला आहे हे तुमचं नशीब. त्याच ड्राइव्हनं लिहिलं असतं तर किनार उरलीच नसती.’’

अहवाल गुरुवारी, पंचवीस तारखेला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आला. बाबांची पट्टी निघाली होती. नवा चष्मा लावून त्यांनी कागद स्वतः हातात घेतला. नवं दिसायला लागलेलं माणूस सगळंच मोठ्यानं वाचतं.

‘‘पान क्रमांक दोनशे बारा. सोळापैकी पंधरा आकडे निःसंशय. ऐकलंस का अलका? पंधरा! सातव्या आकड्याचा एक बिट वाचता येत नाही. त्यामुळे तो आकडा 1 किंवा 9. या यंत्राच्या लिपीत या दोन आकड्यांत एकाच बिटाचा फरक असल्याने...’’ ते हसले. ‘‘घ्या! एवढ्या मोठ्या यंत्रालाही एक आणि नऊ कळेना.’’

मग त्यांनी पान उलटलं. मागं घटनेचं कारण दिलेलं होतं. तेही ते मोठ्यानंच वाचू लागले.

‘‘चालकाने दूरध्वनीवर सांगितल्यानुसार, वरील ड्राइव्हवर देवनागरीत रंगवलेला एक हा आकडा इंग्रजी नऊ समजल्यामुळे...’’

आवाज थांबला. त्यांनी चष्म्यातून टेबलाकडे पाहिलं. नेलपॉलिश अजून चकाकत होतं.

‘‘कधी कळलं तुला?’’

‘‘त्याच दिवशी.’’

‘‘पहिल्या प्रयत्नाआधी?’’

‘‘नंतर.’’

‘‘आणि दुसऱ्याच्या?’’

मृण्मयी मनगटावरचे दातांचे व्रण चोळू लागली.

‘‘मी विचारतोय. दुसऱ्याच्या आधी कळलं होतं?’’

‘‘हो.’’

‘‘मग तोंड का नाही उघडलंस?’’

‘‘तुम्ही काय केलं असतं, बाबा?’’

शिरीष तारळेकर खोटं बोलणारे गृहस्थ नव्हते. त्यांनी नीट विचार केला.

‘‘हसलो असतो,’’ ते म्हणाले. ‘‘पोट धरून हसलो असतो. चारचौघांत वर्षभर सांगितलं असतं. आणि आज आपल्याकडं दोन प्रयत्न असते. दोन आकडे, दोन प्रयत्न. पहिलीतल्या पोराचं गणित.’’

त्यांनी कागदाची घडी घातली. आत जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, कमी नाही, जास्त नाही. दार उघडंच होतं.

‘‘मग तिलाच दाबू दे,’’ एवढंच अलकाताई म्हणाल्या.

बाबांनी संध्याकाळी बंगळूरला फोन करून विचारलं, एक असण्याची शक्यता किती? समान, उत्तर आलं. तिसरी फेरी करता येईल, पण तिला निदान नऊ दिवस लागतील.

शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता मृण्मयी कीबोर्डपाशी बसली. पान हातानं टाइप करायचं होतं. बाबा पाठीमागं खुर्ची घेऊन बसले, भिंतीकडे तोंड करून. पडद्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. तिनं सहा आकडे टाइप केले, सातव्याची जागा सोडली, पुढचे नऊ टाइप केले. मग उठून आतल्या दारात गेली.

नदाफ इंजेक्शन टोचून सुई काढत होत्या. औषध किती चढलंय ते बघायला त्या नेहमीसारखंच विचारत होत्या. ‘‘सिस्टर, दहापैकी किती?’’

त्याच वेळी मृण्मयीनं विचारलं, ‘‘आई, एक की नऊ?’’

अलकाताईंनी डोळे उघडले. दोघींपैकी कुणाकडं बघितलं ते सांगता येत नाही.

‘‘नऊ,’’ त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे मिटले.

‘‘काय म्हणाली?’’ बाबांनी बाहेरून विचारलं.

‘‘नऊ.’’

‘‘कुणाच्या प्रश्नाला?’’

नदाफांनी मृण्मयीकडे पाहिलं. चाळीस मिनिटांची झोप लागली होती, हलवून उठवलं असतं तरी जाग आली नसती. मृण्मयी परत येऊन बसली.

नऊ वाजून बावन्न मिनिटांनी पडद्यावर पंधरा आकडे होते. सातव्याच्या जागी कर्सर लुकलुकत होता. रिटर्न दाबलेलं नव्हतं. दहा वाजून पाच व्हायला तेरा मिनिटं होती.